क्रोन्सच्या रुग्णाचं ताट

क्रोन्सचं निदान झालं की घरातला पहिला बदल ताटात होतो, आणि तो बहुतेक वेळा एकाच दिशेनं होतो. आधी तिखट बंद होतं, मग दूध. कुणीतरी गव्हाचं नाव घेतं आणि पोळी जाते. शेजारचे काका डाळी वातूळ म्हणून नको सांगतात, मावशी आंबट नको म्हणते, मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ बटाटा आणि भात यांच्यावरही फुली मारतो. दोन-तीन महिन्यांत रुग्ण पेज आणि उकडलेल्या दुधीवर येऊन ठेपतो. वजन आणखी उतरतं, अंगात त्राण राहत नाही, आणि पोट तरीही पुरतं शांत झालेलं नसतं. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो, म्हणून तर हे थांबवणं अवघड जातं.

क्रोन्समध्ये 'खायचं काय?' याचं एकच एक उत्तर नाही, कारण अन्नाकडून वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम करून घ्यायचं असतं. कधी आतड्याची सूज उतरवायची असते. कधी अरुंद झालेल्या जागेतून घास सुखरूप पुढे न्यायचा असतो. कधी नुसता गुबारा आणि मुरडा कमी करायचा असतो. आणि झिजलेलं शरीर तर सगळाच काळ भरून काढायचं असतं. एका कामाचं पथ्य दुसऱ्या कामाला लावलं की उपयोग होत नाही, कधी कधी नुकसानच होतं. म्हणून कुठलीही यादी हातात घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, 'आत्ता आतड्यात नेमकं काय चाललंय?' सूज किती आहे, कुठे आहे, आतडं कुठे अरुंद झालंय का? ही तीन उत्तरं मिळाली की ताट ठरवता येतं.

आत काय घडतं

लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं. त्याचा शेवटचा तुकडा पोटाच्या उजव्या बाजूला खाली मोठ्या आतड्याला मिळतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण सर्वाधिक आढळतो तो या शेवटच्या तुकड्यात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तीही याच जागेच्या आजाराची होती.

इथली सूज वरवरची नसते, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरते. एक पट्टा सुजलेला, पुढचा निरोगी, त्यापुढचा पुन्हा सुजलेला, असं चित्र दिसतं. सूज येणं आणि भरणं वर्षानुवर्षं चालू राहिलं की त्या जागी व्रण धरतो, भिंत जाड आणि ताठ होते, आतली वाट बारीक होते. काहींच्या बाबतीत सूज भिंत भेदून शेजारच्या अवयवापर्यंत किंवा त्वचेपर्यंत वाट काढते, त्याला फिस्टुला म्हणतात.

हे का होतं? जनुकांचा कल, आतड्यातले जिवाणू, त्यांच्यावर भलत्याच जोरानं तुटून पडणारी प्रतिकारशक्ती आणि आजूबाजूचं राहणीमान, यांच्या एकत्र येण्यातून. कुठलाही एक पदार्थ खाल्ल्यानं क्रोन्स होत नाही. लहान मुलांच्या आया हा भार फार काळ वाहतात. डब्यात काय दिलं, लहानपणी काय भरवलं, याची उजळणी करत राहतात. ती थांबवावी. त्यात त्यांचा काहीही दोष नाही.

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. आतड्याचा क्षय नेमका याच जागी होतो, लक्षणंही तीच देतो, आणि कोलोनोस्कोपीत दिसतोही बराचसा तसाच. म्हणून भारतात अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधं देऊन परिणाम पाहिला जातो. निदान पक्कं होईपर्यंत क्रोन्सचं म्हणून कुठलंही कडक पथ्य सुरू करू नये. क्षय असेल तर रुग्णाला भरपूर आणि सकस खाण्याची गरज असते, आणि पदार्थ वगळत गेलं की नेमकं तेच हातचं जातं.

सूज उतरवणारा आहार

आहारानं सूज उतरू शकते. याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र अशा आहाराचा आहे ज्यात नेहमीच्या जेवणाचा एक घासही नसतो. एक्सक्लुझिव्ह एंटरल न्यूट्रिशन, डॉक्टरांच्या बोलण्यात ईईएन. यात ६ ते ८ आठवडे सगळं पोषण फक्त वैद्यकीय फॉर्म्युल्यातून दिलं जातं. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं, जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून घातलेली ही पावडर पाण्यात मिसळून दिवसभर थोडी थोडी प्यायची. लहान मुलांत सुमारे ८० टक्के रुग्णांचा आजार यानं आटोक्यात येतो. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे, कारण स्टिरॉइडमुळे उंची खुंटण्याचा धोका यात नाही. शिवाय यानं बरं वाटणं वरवरचं नसतं, आतले अल्सरही भरून येतात.

मोठ्या माणसांत निकाल इतके चांगले नाहीत. याचं एक मोठं कारण म्हणजे दीड-दोन महिने जेवणाशिवाय राहणं बहुतेकांना झेपत नाही. तरी शस्त्रक्रियेआधी वजन आणि ताकद भरून काढण्यासाठी मोठ्यांनाही हे दिलं जातं.

इथे दोन गोष्टी ठामपणे सांगाव्या लागतील. पेज, नाचणीचं सत्त्व, शहाळं आणि फळांचा रस यांवर घरच्या घरी सहा आठवडे काढणं म्हणजे ईईएन नव्हे. त्यात प्रथिनं आणि उष्मांक इतके कमी पडतात की ती उपासमारच होते. दुकानात मिळणारी माल्टची किंवा चॉकलेटची पेयपावडरही याची जागा घेत नाही. दुसरं असं की फार खंगलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण मात्रा सुरू केली तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. म्हणून सुरुवात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत करावी.

मूल ईईएनवर असलं की घरातल्यांची कसोटी लागते. पेला गार करून द्यावा, झाकण आणि स्ट्रॉ लावली तर वास कमी येतो. प्यायलं जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून रात्री फॉर्म्युला देता येतो, आणि नळीचं नाव ऐकून घाबरलेली मुलं चार दिवसांत तिच्यासकट खेळू लागतात. जेवणाच्या वेळी त्याला वेगळ्या खोलीत बसवू नये. त्याचा पेला घेऊन त्यानं पंगतीतच बसावं. शाळेत वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवलं तर डब्याच्या सुट्टीत त्याला प्रश्नांना तोंड द्यावं लागत नाही.

यापुढचा टप्पा इस्रायलमधले बालरोगतज्ज्ञ आरी लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठला. त्यांनी बेतलेल्या आहाराला सीडीईडी म्हणतात. पहिले सहा आठवडे निम्मे उष्मांक फॉर्म्युल्यातून आणि निम्मे ठरावीक साध्या अन्नातून, पुढचे सहा आठवडे फॉर्म्युला पाव हिश्शावर. पहिल्या टप्प्यात रोज चिकनचा छातीचा भाग, २ अंडी, २ केळी, १ सफरचंद आणि शिजवून गार केलेले २ बटाटे खायचेच असतात. भात चालतो. गहू, दूध-दुभतं आणि पाकीटबंद पदार्थ बंद. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांपर्यंत ही पद्धत ईईएनच्या तोडीस तोड ठरली. बाराव्या आठवड्यात मात्र फरक पडला. या गटातली ७५ टक्क्यांच्या आसपास मुलं स्टिरॉइडशिवाय बरी होती, ईईएननंतर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आलेल्या गटात ४५ टक्के. माझ्या मते यातला खरा फायदा हा की मुलं हे टिकवू शकली.

शाकाहारी घरात हा तक्ता जसाच्या तसा उचलता येत नाही. त्यातलं चिकन आणि अंडी नुसती वजा केली तर प्रथिनंच वजा होतात. त्यांच्या जागी काय घालायचं हे आहारतज्ज्ञाकडून आखून घ्यावं लागतं.

या दोन्ही आहारांत काय दिलं जातं त्याइतकंच काय टळतं हेही महत्त्वाचं दिसतं. आतड्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा एक थर असतो, तो जिवाणूंना भिंतीपासून दूर ठेवतो. २०१५ मध्ये उंदरांवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की पाकीटबंद पदार्थांत वापरली जाणारी दोन इमल्सिफायर, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८०, दिली की हा थर पातळ होतो, जिवाणू भिंतीजवळ सरकतात आणि आतड्याला सूज येते. माणसांतला पुरावा इतका नेमका नाही, पण हे पदार्थ टाळण्यानं काहीच गमवावं लागत नाही. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत आयएनएस ४६६ आणि आयएनएस ४३३ हे आकडे शोधावेत. आइस्क्रीम, केक, सॉस, क्रीमची बिस्किटं यांच्या पाकिटांवर ते दिसतात. घरच्या वरणभातात ते नसतात.

आतडं अरुंद असेल तर

अरुंद जागेचं पथ्य सगळ्यात निराळं, आणि चूक झाली तर सर्वांत महाग पडणारं. एमआर एंटेरोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'स्ट्रिक्चर' हा शब्द असेल तर हा भाग तुमच्यासाठी आहे. जेवणानंतर काही वेळानं पोटात कळा येणं, पोट फुगून गुडगुडणं, कधी उलटी होऊन मग हलकं वाटणं, ही त्याची ओळख.

इथे प्रश्न पदार्थ चांगला की वाईट हा नसतोच. त्या घासाचं आतड्यात पोचेपर्यंत काय होतं, एवढंच पाहायचं. पोट आणि आतडी अन्न विरघळवू शकतात, पण न विरघळणारे तंतू, साल, शिरा आणि बिया यांचे तुकडे तसेच पुढे जातात. निरोगी आतड्यात त्यांना वाट असते. बोटाएवढ्या रुंदीच्या ताठ जागेत ते अडकून बसतात.

आपल्या स्वयंपाकात असे पदार्थ कमी नाहीत. शेवग्याच्या शेंगा, गवार आणि घेवड्याच्या शिरा, मक्याचे दाणे, कच्च्या गाजर-काकडीची कोशिंबीर, कोबीची जाड पानं, सुकं खोबरं, शेंगदाणे, तीळ, मनुका, सुके अंजीर, पेरूच्या बिया, टोमॅटोची साल, मश्रूम, फणस. संत्री-मोसंबीच्या फोडींवरचा पांढरा पापुद्रा फार फसवा असतो, चावून लगदा झाला असं वाटतं पण तो विरघळत नाही. सालासकट कडधान्यांच्या उसळी, म्हणजे मटकी, हरभरा, वाल, याच वर्गातल्या.

पण यादी वाचून भाज्या आणि फळंच सोडून देणं ही चूक सर्रास होते. बहुतेक पदार्थ वेगळ्या रूपात परत घेता येतात. मटकीच्या उसळीऐवजी मुगाच्या धुतलेल्या डाळीचं घोटलेलं वरण. टोमॅटोची कोशिंबीर नको, पण उकडून, साल काढून, गाळून केलेलं सार चालतं. दुधी, लाल भोपळा, दोडका, पडवळ सोलून, बिया काढून, अगदी मऊ शिजवावेत. पालक देठ काढून वाटून पातळ भाजी करावी. खोबऱ्याच्या चवीसाठी नारळाचं दूध काढून गाळून वापरावं. शेंगदाण्याच्या कुटातही बारीक कण राहतात, म्हणून कूट घालायचंच तर मिक्सरवर लोण्यासारखं होईपर्यंत वाटून. फळांत पिकलं केळं, पपई, साल आणि बिया काढलेला चिकू, साल काढून वाफवलेलं सफरचंद. हापूसचा रस गाळून घेतला की त्यातले धागे जातात. नाचणीचं पीठ आणि नाचणीचं सत्त्व यांतला फरक इथे कामाला येतो. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून काढलेल्या सत्त्वात कोंडा मागे राहतो. मासे चालतात, मऊ मासे तर फारच चांगले, फक्त काटे नीट काढावेत.

तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी जेवणं, सावकाश चावून, ही सवयही तितकीच मोलाची. कवळी सैल असेल तर ती नीट करून घेणं हासुद्धा उपचाराचाच भाग समजावा.

अरुंदपणा ताज्या सुजेमुळे असेल तर औषधांनी सूज उतरल्यावर वाट मोकळी होते आणि हे पथ्यही सैल करता येतं. जुन्या व्रणानं जागा ताठ झाली असेल तर ते टिकवावं लागतं, किंवा दुर्बिणीतून फुग्यानं रुंद करणं वा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. पोटात जोराच्या कळा, सतत उलट्या, पोट टम्म फुगणं आणि शौच किंवा वारा अजिबात न सरकणं असं एकत्र झालं तर काढा, एरंडेल, पोट चोळणं यांत वेळ घालवू नये. ते आतडं बंद पडल्याचं लक्षण असतं, थेट रुग्णालय गाठावं.

सूज नाही, तरी पोट बोलतंय

अनेकांना तपासण्या चांगल्या येऊनही गॅस, मुरडा, पातळ शौच यांचा त्रास होतो. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातलं सीआरपी इथे मदतीला येतात. ती खाली असतील तर त्रास सुजेचा नसून आतडं हळवं झाल्याचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी काही आंबणाऱ्या साखरा काही आठवडे कमी करून पाहतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत फॉडमॅप म्हणून ओळखली जाते. कांदा, लसूण, गहू, राजमा, हरभरा, काजू, फ्लॉवर, सफरचंद, आंबा हे तिच्या रोखातले पदार्थ. लसणाच्या चवीवाचून अडत असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकाव्यात. त्रास देणारी साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही, म्हणून चव तेलात उतरते आणि साखर पाकळीबरोबर बाहेर जाते. चार-सहा आठवड्यांनी पदार्थ एकेक करून परत आणायचे असतात. हा कायमचा आहार नव्हे, आणि यानं सूज उतरत नाही. पोट हलकं वाटलं म्हणून औषध थांबवणाऱ्यांचा आजार आतल्या आत वाढत राहतो.

दुधाचंही तसंच. आपल्याकडे अनेक प्रौढांना दुधातली साखर पचत नाही, आणि लहान आतड्याला सूज असताना ती आणखी कमी पचते. दही, ताक आणि पनीर यांत मात्र ही साखर दुधापेक्षा कमी असते, म्हणून पेलाभर दुधानं त्रास होणाऱ्यालाही वाटीभर दही, ताक किंवा थोडं पनीर चालून जातं. दुधानं त्रास होत नसेल तर ते सोडायचं काहीच कारण नाही. स्टिरॉइड घेणाऱ्याची हाडं आधीच विरळ होत असतात, त्याला कॅल्शियम हवंच. तिखटानं सूज वाढते असा पुरावा नाही. मात्र गुदद्वाराशी चिरा किंवा फिस्टुला असेल तर जळजळ खरी असते, तेवढ्या काळापुरतं तिखट कमी करावं.

आजार शांत असताना

हा काळ सर्वांत मोठा, आणि याच काळात लोक विनाकारण अर्धपोटी राहतात. अरुंद जागा नसेल तर शांत काळात तंतू टाळू नयेत. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतूंपासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन असतं. उंदरांना तंतूच दिले नाहीत तेव्हा त्यांच्या आतड्यातले जिवाणू श्लेष्माचा थरच खाऊ लागले, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. ज्वारीची भाकरी, साल काढलेल्या भाज्या, ओट्स, केळं, मग हळूहळू मूग अशा क्रमानं परत यावं.

कुठला नावाजलेला डाएट करावा, हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १९४ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला सगळी धान्यं आणि बटाटा बंद करणारा कडक एससीडी आहार, दुसऱ्याला भाज्या, फळं, धान्यं, डाळी, मासे आणि ऑलिव्ह तेलावर बेतलेला भूमध्यसागरी आहार. सहा आठवड्यांनी लक्षणं आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ४६.५ आणि ४३.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. भात, भाकरी, पोळी सगळं सोडूनही वेगळं काही मिळालं नाही. म्हणूनच मी कुणालाही धान्य सोडायला सांगणार नाही. ताजं वरण, भाजी, भाकरी किंवा भात, मासे किंवा अंडी, वाटीभर दही, एखादं फळ, आणि फरसाण-बेकरीला महिन्यातून कधीतरी जागा, एवढ्यावर शांत काळ चांगला जातो.

आहाराच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. सिगारेट ओढणाऱ्यांत क्रोन्स अधिक वेळा उसळतो आणि शस्त्रक्रियेची वेळही अधिक येते. पथ्य काटेकोर आणि सिगारेट चालू, याला अर्थ नाही.

शरीर भरून काढणं

सूज चालू असताना शरीर स्वतःचे स्नायू मोडत असतं. अशा वेळी दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, १०० ग्रॅम चिकनमध्ये किंवा मासळीत २० च्या वर. मऊ भात आणि तूप यांवर हा हिशेब कधीच जुळत नाही. वरण दाट करावं, भातात अंडं कालवावं, खिरीत दुधाची पावडर घालावी, थालीपिठाऐवजी मुगाच्या डाळीचं धिरडं करावं.

रक्त कमी असलं की खजूर, बीट, गूळ सुरू होतात. क्रोन्समध्ये हे पुरत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात जाण्याची वाट बंद करतं. कितीही खजूर खाल्ले तरी लोह आत शिरत नाही. म्हणून आजार उसळलेला असताना, किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असताना, डॉक्टर लोह शिरेतून देतात. त्याला घाबरून गुळावर विसंबू नये.

बी-१२ शोषलं जातं ते त्याच शेवटच्या तुकड्यात जिथे क्रोन्स मुक्काम करतो. शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असतं. शस्त्रक्रियेत हा तुकडा २० सेंटीमीटरपेक्षा जास्त काढला गेला असेल तर इंजेक्शन बहुधा कायमचं लागतं. ड जीवनसत्त्वही तपासून घ्यावं. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर फॉलिक ॲसिड चुकवू नये.

आतड्याचा तुकडा काढल्यावर आणखी एक धोका निर्माण होतो, तो सहसा कुणी सांगत नाही. पित्तातले क्षार परत शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यात उतरून पाण्यासारखे जुलाब करतात, आणि त्यावर पथ्यापेक्षा कोलेस्टिरामिनसारखं औषध लागू पडतं. फार मोठा तुकडा गेला असेल तर चरबी पचत नाही. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे अन्नातलं ऑक्झॅलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. अशा रुग्णानं अळू, पालक, चाकवत, बदाम, काजू, चॉकलेट मर्यादेत ठेवावेत, तूप-तेल बेतानं घ्यावं आणि जेवणातच दही किंवा ताक घ्यावं, म्हणजे ऑक्झॅलेट आतड्यातच कॅल्शियमला चिकटून बाहेर जातं.

जुलाब खूप असतील तर नुसतं पाणी ढसाढसा पिऊन भागत नाही. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे ओढलं जातं, ओआरएस या तत्त्वावर चालतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते मिसळावं. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक यांच्या दाट गोडीनं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण मीठ फार कमी, म्हणून एकट्या शहाळ्यावर राहू नये.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा बायोलॉजिकल इंजेक्शन चालू असतील तर पावसाळ्यात कापून ठेवलेली फळं, रस्त्यावरची पाणीपुरी, कच्ची मोडाची कडधान्यं आणि न तापवलेलं दूध कटाक्षानं टाळावं. टायफॉइडचा ताप आणि आजाराची उसळी यांत फरक करता करता आठवडा जातो.

उपवासाचं काय? चतुर्थी-एकादशी पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न नाजूक असतो. आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्या परंपरेतच आहे, ती मनात किंतू न ठेवता घ्यावी. आजार शांत असेल आणि मन राहत नसेल तर दाण्याचं कूट न घालता केलेली मऊ साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दही, राजगिऱ्याची लापशी, केळं असं दिवसभर विभागून खावं. निर्जळी उपवास मात्र कुठल्याच अवस्थेत करू नये.

बंद केलेले पदार्थ परत आणताना एका वेळी एकच घ्यावा, पहिल्या दिवशी दोन चमचे, तीन दिवसांत नेहमीच्या प्रमाणापर्यंत. वहीत तारीख, पदार्थ, कसा शिजवला, किती खाल्ला, शौच किती वेळा झालं आणि पोट कसं होतं एवढंच लिहावं. एकदा त्रास झाला म्हणून तो पदार्थ कायमचा काढू नये, दोन-तीन आठवड्यांनी, वेगळ्या रीतीनं शिजवून, पुन्हा पाहावा. महिन्यातून एकदा त्याच वहीत वजन लिहावं आणि पुढच्या तपासणीला ती वही कॅलप्रोटेक्टिनच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांसमोर ठेवावी.